हापूस विकणाऱ्याचा मेल: लोक उघडतील आणि शेवटपर्यंत वाचतील असा कसा लिहावा

मार्चच्या शेवटी पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही आंबाप्रेमी माणसाचा इनबॉक्स पाहा. ‘देवगड हापूस बुकिंग सुरू!!!’, ‘१०० टक्के नैसर्गिक’, ‘त्वरा करा, साठा मर्यादित’ अशा मेलची रांग लागलेली असते. त्यातले बहुतेक न उघडताच पुसले जातात. आंब्यात खोट नसते. पण पाच विक्रेत्यांची नावं आपसात बदलली तरी मेलमधला एक शब्दही बदलावा लागणार नाही, इतके ते सारखे असतात.

चांगली सब्जेक्ट लाइन लिहिली की मेल उघडला जातो, असं सगळीकडे सांगतात. सब्जेक्टला महत्त्व आहेच, त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलंय. पण माणूस आधी पाठवणाऱ्याचं नाव बघतो, आणि त्या नावाला वजन येतं ते त्याच्या आधीच्या मेलमुळे. मागच्या वेळी मेल उघडून काही उपयोगाचं हाती लागलं असेल, तर यावेळी साधा सब्जेक्टही चालतो. मागच्या वेळी नुसती हाकाटी मिळाली असेल, तर यावेळी ओळ कितीही चतुर लिहा, ती वाया जाते. म्हणून इथे एका मेलचा विचार न करता वर्षभराच्या मेलचा विचार केला आहे.

उदाहरणासाठी देवगड किंवा रत्नागिरीकडचा एक बागायतदार डोळ्यांसमोर ठेवू. दोन-अडीचशे कलमं आहेत. सगळा माल वाशीच्या बाजारात न पाठवता निम्मा आंबा तो थेट गिऱ्हाइकांना देतो, आणि गेल्या काही हंगामांतल्या सहाशे-सातशे गिऱ्हाइकांची नावं त्याच्याकडे आहेत. तुम्ही दिवाळीचा फराळ परदेशी पाठवत असाल, पुस्तकं विकत असाल किंवा हातमागाच्या साड्या, तरी पायऱ्या याच आहेत.

व्हॉट्सअ‍ॅप असताना मेल कशाला, हा प्रश्न बागायतदार पहिल्यांदा विचारतोच. ‘पेटी निघाली, संध्याकाळपर्यंत पोहोचेल’ हा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवरच द्यावा, मेलवर नको. पण आंबा यंदा उशिरा का, भाव कसा ठरला, पेटी घरी आल्यावर काय करायचं, हे सांगायला चार परिच्छेद लागतात. असा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर ‘सुप्रभात’च्या गर्दीत बुडतो. मेल मात्र शोधला की सापडतो. पुढच्या मार्चमध्ये गिऱ्हाईक इनबॉक्समध्ये ‘हापूस’ टाकून तुम्हाला शोधू शकतं.

पायरी १: यादी, आणि यादीत काय लिहून ठेवायचं

ज्यांनी ‘मला कळवा’ असं सांगितलंय, त्यांनाच मेल पाठवायचा. सोसायटीच्या ग्रुपमधून उचललेले पत्ते, प्रदर्शनात दुसऱ्या स्टॉलवाल्याने दिलेली यादी, ‘पुण्यातले ५० हजार ईमेल’ म्हणून विकली जाणारी फाइल, यातलं काहीही घेऊ नका. मागितली नसताना आलेली जाहिरात लोकांना अगदी सुरुवातीपासून खटकते. १९७८च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थर्क यांनी अर्पानेटवरच्या, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या जाळ्यावरच्या, सुमारे ४०० जणांना संगणकांची जाहिरात पाठवली. घाऊक जाहिरातीचा पहिला मेल म्हणून त्याची नोंद होते, आणि त्यावर तेव्हाही तक्रारी आल्याच. आपल्याकडे २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. संमती स्पष्ट असावी आणि ती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं असावं, ही त्यातली तत्त्वं आहेत. ती आजपासूनच पाळावीत.

पत्ते मिळवायच्या चांगल्या जागा तुमच्याकडे आधीच आहेत. ऑर्डर घेताना विचारा. स्टॉलवर वही ठेवा आणि वर स्वच्छ लिहा: ‘हंगामात महिन्यातून दोन-तीन मेल, एरवी क्वचित.’ सगळ्यात उपयोगी जागा म्हणजे पेटीत टाकायची चिठ्ठी. आंबा कसा पिकवायचा ते त्या चिठ्ठीवर छापा आणि खाली एक क्यूआर कोड द्या: ‘पुढच्या वर्षी पहिल्या काढणीची तारीख कळायला हवी असेल तर इथे नाव नोंदवा.’ आंबा आवडलेला माणूस त्याच क्षणी नाव नोंदवतो. असे शंभर पत्ते विकतच्या हजारांपेक्षा मोलाचे.

यादी एक्सेलमध्ये असो वा कुठल्या अ‍ॅपमध्ये, रकाने हवेत ते असे: नाव, हाक मारायचं नाव, गाव आणि पिनकोड, गेल्या वर्षी काय घेतलं, संमती कधी आणि कुठे दिली. यातला ‘हाक मारायचं नाव’ हा रकाना कधीही गाळू नका. आपल्याकडे अर्जात आडनाव आधी लिहायची सवय आहे. ‘जोशी मीना अनंत’ अशी नोंद असेल तर मेल पाठवणारं सॉफ्टवेअर पहिला शब्द उचलतं आणि मीनाताईंना ‘प्रिय जोशी’ असा मेल जातो. कुठे नाव रोमन लिपीत, तेही सगळं मोठ्या अक्षरांत, आणि त्यापुढे मराठी मजकूर. एवढ्यावरून वाचणाऱ्याला कळतं की हे यंत्राचं काम आहे. सहाशे नावं देवनागरीत, ‘मीनाताई’, ‘देशपांडेकाका’, ‘डॉक्टर’ अशी हाताने भरायला दोन संध्याकाळी लागतील. त्या घालवा. ज्यांना काय म्हणायचं ते ठाऊक नाही, त्यांना नुसतं ‘नमस्कार’ लिहा. चुकीच्या आपुलकीपेक्षा ते बरं.

पायरी २: मेल पोहोचेल एवढी तांत्रिक सोय

हा भाग कंटाळवाणा आहे, पण एकदाच करायचा आहे.

साध्या जीमेल खात्यावरून सगळ्यांना बीसीसीत (एकमेकांचे पत्ते न दिसणाऱ्या रकान्यात) टाकून मेल पाठवू नका. तिथे दिवसाला ५०० जणांची मर्यादा आहे, आणि असे मेल स्पॅममध्ये जाण्याची शक्यताही मोठी असते. स्वतःचं डोमेन, म्हणजे पत्त्यात ‘@’च्या पुढे येणारं स्वतःचं नाव, घ्या. बागेच्या नावाचं डोमेन वर्षाला एखाद्या पेटीच्या किमतीपेक्षाही कमी खर्चात मिळतं. पाठवण्यासाठी झोहो कॅम्पेन्स, ब्रेव्हो, मेलचिंप अशी सेवा वापरा. मात्र त्या सेवेत ‘पाठवणारा’ म्हणून जीमेलचा पत्ता टाकू नका, डोमेनवरचाच टाका.

मग डोमेनच्या सेटिंगमध्ये तीन नोंदी करायच्या: एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क. पहिली सांगते की या डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात. दुसरी प्रत्येक मेलवर सही करते. सही जुळली नाही तर मेलचं काय करायचं, ते तिसरी सांगते. जी सेवा घ्याल ती नेमक्या ओळी देते, त्या तशाच्या तशा चिकटवायच्या. जमत नसेल तर वेबसाइट करून देणाऱ्याला अर्ध्या तासाचं काम म्हणून सांगा.

फेब्रुवारी २०२४पासून गूगल आणि याहू यांनी घाऊक मेलसाठी नियम कडक केले. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० किंवा जास्त मेल पाठवणाऱ्यांना या तिन्ही नोंदी सक्तीच्या आहेत. एका टिचकीत यादीतून बाहेर पडायची सोयही द्यावी लागते आणि अशी विनंती दोन दिवसांत पाळावी लागते. स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवाव्या लागतात, ०.१ टक्क्याच्या खाली असल्या तर उत्तम. तुम्ही सहाशेच पाठवत असाल, तरी हीच पट्टी स्वतःला लावा. हजार मेलमागे तीन माणसांनी ‘हे स्पॅम आहे’ असं दाबलं की मर्यादा गाठली, हे लक्षात ठेवलं तर विकतच्या यादीचा मोह आपोआप सुटतो.

डोमेन नवं असेल तर पहिल्याच दिवशी सगळ्यांना मेल पाठवू नका. ज्यांनी गेल्या वर्षी आंबा घेतला त्या शे-दीडशे जणांना आधी, दोन दिवसांनी आणखी काहींना, असं वाढवत जा.

पायरी ३: पाठवणाऱ्याचं नाव

इनबॉक्समध्ये ठळक अक्षरांत सगळ्यात आधी हेच दिसतं. ‘इन्फो’, ‘सेल्स’, ‘नो-रिप्लाय’ असं काही तिथे नको. तुमचं नाव आणि बागेचं नाव, एवढंच. एकदा ठरवलं की वर्षानुवर्षं तेच. आणि उत्तर दिलं तर ते खरोखर तुमच्यापर्यंत पोहोचलं पाहिजे. ‘या मेलला उत्तर देऊ नये’ असं तळाशी लिहिणाऱ्या विक्रेत्याची मला मनापासून हळहळ वाटते. गिऱ्हाईक बोलायला आलंय आणि दार आतून लावलंय.

पायरी ४: वर्षभरात काय सांगायचं ते आधी ठरवा

‘लिहायला काही नाही’ ही बागायतदाराची तक्रार मला पटत नाही. शहरातल्या माणसाला आंबा पेटीत दिसतो. त्याआधीचे सहा-सात महिने त्याने पाहिलेले नसतात, आणि आवडीने वाचण्यासारखं सगळं त्या महिन्यांतच असतं.

डिसेंबर-जानेवारीत मोहोर येतो. तेव्हा एक मेल, विक्रीचा शब्दही नसलेला: मोहोर कसा आला, किती कलमं अजून पालवीवरच आहेत, थंडी किती पडली. मोहोरलेल्या कलमाचा फोनवर काढलेला एक फोटो, बस. फेब्रुवारीच्या शेवटी दुसरा. फळ किती धरलं, तुडतुडे किंवा फुलकिडे आले का, अवकाळी पाऊस झाला का, फळगळ किती, आणि यावरून पहिली काढणी साधारण कधी. हा अंदाज प्रामाणिक हवा. ‘यंदा पीक कमी आहे’ असं फेब्रुवारीत सांगितलं की एप्रिलमधला भाव गिऱ्हाइकाला टोचत नाही, कारण त्यामागचं कारण त्याने आधीच वाचलेलं असतं.

मार्चमध्ये, पाडव्याच्या सुमारास, नोंदणीचा मेल. एप्रिलमध्ये पहिल्या फेरीची तारीख आणि भाव, अक्षय्य तृतीयेचा हिशोब धरून. मे महिन्यात भाव उतरतो, तेव्हा ‘आता घ्या, स्वस्त झालाय’ असा मेल. बरेच बागायतदार हा मेल पाठवायला कचरतात, महाग घेतलेलं गिऱ्हाईक रागावेल म्हणून. पण सुरुवातीचा आंबा महाग असतो हे मराठी गिऱ्हाइकाला चांगलं ठाऊक आहे. भाव उतरल्याचं तुम्ही स्वतःहून सांगितलंत, तर पुढच्या वर्षीचा महाग आंबाही तो तुमच्याकडूनच घेईल. जूनच्या तोंडावर, पाऊस लागायच्या आत, हंगाम संपल्याचा आभाराचा मेल. मग गणपती-दिवाळीपर्यंत शांत राहिलात तरी चालतं.

याशिवाय एक मेल असा असावा जो तारखेने न जाता पेटीसोबत जातो. ज्या दिवशी पेटी पोहोचते त्या दिवशी: आंबा कच्चा आहे की अर्धा पिकलेला, पेंढ्यात किंवा कागदात एका थरात कसा ठेवायचा, पिकायच्या आधी फ्रिजमध्ये का ठेवायचा नाही, साल किंचित सुरकुतली आणि वास सुटला की खायला काढायचा, रोज चाचपून पिकलेलं फळ बाजूला करायचं. हा मेल लोक हमखास उघडतात, कारण पेटी समोर असते. इथे साक्याबद्दलही लिहून टाका. साका म्हणजे आतून स्पंजासारखं झालेलं फळ, ते बाहेरून ओळखता येत नाही. पेटीत असं फळ निघालं तर फोटो पाठवा, तितकी फळं पुढच्या फेरीत भरून देऊ किंवा पैसे परत करू, असं लेखी द्या. तक्रार होण्याआधी दिलेला हा शब्द कुठल्याही सवलतीपेक्षा मोठा आहे.

आणि ‘अस्सल हापूस’ हा शब्द प्रत्येक विक्रेता लिहितो, म्हणून त्याला आता काही अर्थ उरलेला नाही. परराज्यातला आंबा देवगडच्या नावाने विकला जातो, हे गिऱ्हाइकाने बातम्यांत वाचलेलं असतं. त्याला पुरावा द्या. २०१८मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याखाली तुमची नोंदणी झाली असेल तर प्रमाणपत्राचा फोटो एका मेलमध्ये द्या, पेटीवरचा कोड कसा तपासायचा ते सांगा. नसेल झाली, तर बाग कुठे आहे, कोणी भेटायला येऊ शकतं का, ते लिहा.

प्रत्येक मेल लिहिण्याआधी कागदावर एक वाक्य लिहा: ‘हा मेल वाचून मीनाताईंना अमुक कळेल आणि त्या तमुक करतील.’ वाक्यात दोनदा ‘आणि’ आलं तर ते दोन मेल आहेत. वेगळे पाठवा.

पायरी ५: सब्जेक्ट लाइन

फोनवर सब्जेक्टची पहिली तीस-पस्तीस अक्षरं दिसतात, पुढचं कापलं जातं. म्हणजे महत्त्वाचं आधी. बागेचं नाव सब्जेक्टमध्ये परत लिहू नका, ते वर पाठवणाऱ्याच्या नावात आहेच.

हे पाहा:

‘देवगड हापूस आंबा बुकिंग सुरू!!! त्वरा करा!!!’ यात वाचणाऱ्याला नवं काहीच कळत नाही.

‘पहिल्या पेट्या १६ एप्रिलला पुण्यात, यंदा थोड्याच’. यात तारीख आहे, त्याचं गाव आहे, आणि स्वल्पविरामाच्या पुढचं कापलं गेलं तरी मुद्दा पोहोचतो.

‘यंदा आंबा दहा दिवस उशिरा: कारण आणि नवी तारीख’. वाईट बातमी लपवली नाही, म्हणून उघडला जातो.

‘पेटी उघडलीत? पहिले तीन दिवस हे करा’.

‘भाव उतरला, आमरसाचा बेत करा’.

पद्धत अशी: मेल पूर्ण लिहून झाल्यावर सब्जेक्ट लिहा, आधी नाही. त्या मेलमधली सगळ्यात ठोस गोष्ट शोधा. तारीख, गाव, भाव, कारण, काहीही. ती बोलीभाषेत एका ओळीत मांडा. मग ती ओळ फोनवर बहिणीला सांगितल्यासारखी मोठ्याने म्हणून बघा. म्हणताना जीभ अडखळली तर बदला.

उत्तर आल्यासारखं भासवण्यासाठी सब्जेक्टच्या आधी ‘आरई:’ लिहिणं, ‘तुमच्या ऑर्डरबद्दल’ असं लिहून आत नुसती जाहिरात देणं, असलं काही करू नका. अमेरिकेत फसवा सब्जेक्ट २००३च्या कॅन-स्पॅम कायद्याने बेकायदा ठरतो, आणि फराळवाल्यांची गिऱ्हाइकं तिथे आहेतच. पण कायदा नसता तरी सांगितलं असतं. एकदा फसलेला माणूस तुमचा पुढचा खरा मेलही उघडत नाही.

लिपीबद्दल: ज्याच्याशी तुम्ही मराठीत बोलता त्याला सब्जेक्ट देवनागरीतच लिहा. इंग्रजी सब्जेक्टच्या गर्दीत तो उठून दिसतो. नागपूर-बेंगळुरूकडची अमराठी गिऱ्हाइकं असतील तर त्यांची यादी वेगळी करून त्यांना इंग्रजीत वेगळा मेल पाठवा. एकाच मेलमध्ये वर मराठी, खाली इंग्रजी केलं की दोघांनाही अर्धाच मेल मिळतो.

सब्जेक्टच्या शेजारी किंवा खाली फिकट अक्षरांत आणखी एक ओळ दिसते. मेल पाठवणाऱ्या सेवेत तिला ‘प्रीव्ह्यू टेक्स्ट’ म्हणतात. ती मोकळी सोडली तर तिथे ‘हा मेल ब्राउझरमध्ये पाहा’ असलं काहीतरी येऊन बसतं. तिथे सब्जेक्टचा दुसरा अर्धा भाग लिहा.

पायरी ६: मेलचा मजकूर

‘आपणांस कळविण्यास अत्यंत आनंद होत आहे की, प्रतिवर्षीप्रमाणे याही वर्षी…’ ही सुरुवात आपल्या हाताला लागलेली आहे. ती खोडा. ती खोडल्यावर जे पहिलं वाक्य उरतं, तीच खरी सुरुवात असते. ‘तुम्ही’ लिहायचं की ‘आपण’, ते एकदा ठरवा. मी ‘तुम्ही’ सुचवेन. ‘आपण’मध्ये परिपत्रकाचा सूर लवकर येतो, आणि निम्म्या मेलनंतर लिहिणारा नकळत ‘तुम्ही’वर येतोच.

पहिल्या फेरीचा एक नमुना देतो.

नमस्कार मीनाताई,

पहिल्या मोहोराचा आंबा १३ एप्रिलला काढतोय. पुण्यातल्या पेट्या १६ तारखेला पोहोचतील.

जानेवारीतल्या ढगाळ हवेत यंदा मोहोर बराच गळला, हे मागच्या मेलमध्ये लिहिलं होतं. त्यामुळे मोठं फळ, म्हणजे चार डझनी पेटी, या फेरीत अगदी थोडी आहे. पाच डझनी पेटी पुरेशी आहे. फळ अडीचशे ग्रॅमच्या आसपास, चवीत फरक नाही. आमच्या घरी आम्ही तेच खातो.

पाच डझन ३,६०० रुपये, चार डझन ४,२०० रुपये, पुण्यात घरपोच. मेच्या मध्यापर्यंत हा भाव उतरेल. सणाची घाई नसेल तर तेव्हा घ्या, मी कळवेनच.

गेल्या वर्षी तुम्ही पाच डझनाच्या दोन पेट्या घेतल्या होत्या. तेवढ्याच हव्या असतील तर या मेलला फक्त ‘दोन’ असं उत्तर पाठवा. पत्ता बदलला असेल तर तोही लिहा. पैसे पेटी पाहून मग द्या.

(तुमचं नाव, बाग, गाव, फोन)

यात काय आहे ते बघा. पहिल्याच ओळीत तारीख आहे. जो पुढे वाचणार नाही त्यालाही हवं ते मिळालं. भाव उघड लिहिलाय. ‘भावासाठी संपर्क करा’ असं लिहिलं की निम्मी माणसं संपर्क करत नाहीत, भाव परवडणारा नसावा असं समजून पुढे जातात. उणी बाजू सांगितली आहे, म्हणून चांगली बाजू खरी वाटते. मोठी पेटी कमी आहे हे वाक्य खरं आहे, त्यामुळे ‘साठा मर्यादित’ म्हणावं लागलं नाही. नसलेली टंचाई कधीही लिहू नका. गिऱ्हाईक एकमेकांशी बोलतात. आणि करायचं काम एकच ठेवलंय, तेही एका शब्दाचं. गेल्या वर्षीचा आकडा यादीतल्या रकान्यातून आपोआप भरता येतो. ज्यांचा आकडा नाही त्यांच्यासाठी तो परिच्छेद वेगळा करा, नाहीतर ‘गेल्या वर्षी तुम्ही पेट्या घेतल्या होत्या’ असं अर्धवट वाक्य जातं.

शेकड्यांनी ऑर्डर असतील तर ‘उत्तर पाठवा’ऐवजी फॉर्मची लिंक द्यावी लागेल. तरीही ती एकच असावी. फेसबुक, इन्स्टा, यूट्यूब, वेबसाइट, सगळ्यांची चित्रं तळाशी लावली की वाचणारा तिकडे भटकतो आणि पेटी राहून जाते.

लांबी किती असावी? बातमी असेल तेवढी. वरचा नमुना शंभर-सव्वाशे शब्दांचा आहे. मोहोराचा मेल याच्या तिप्पट झाला तरी लोक वाचतात, कारण त्यात बघण्यासारखं काही असतं.

पायरी ७: देवनागरीची काळजी

इथे मराठी मेलच्या खास अडचणी येतात, आणि त्या इंग्रजी मार्गदर्शकांत सापडत नाहीत.

सगळा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर सारखाच वाचता येणाऱ्या अक्षरसंकेतात, असू द्या. डीटीपीवाल्याकडून श्रीलिपीत (छपाईसाठीच्या जुन्या फॉन्ट-पद्धतीत) टाइप झालेली जाहिरात तशीच मेलमध्ये चिकटवली तर समोरच्याला अगम्य चिन्हं दिसतात. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्या आणि मग रफार, जोडाक्षरं, ‘ॲ’ आणि ‘ऱ्य’ डोळ्यांनी तपासा. रूपांतरात चुका तिथेच होतात.

अक्षर १६ ते १८ पिक्सेल ठेवा. देवनागरी त्याच आकारात रोमनपेक्षा बारीक वाटते, आणि आंब्याची बरीच गिऱ्हाइकं साठीच्या पुढची आहेत. ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपट ते पावणेदोनपट हवं, नाहीतर वरची वेलांटी आणि खालचा उकार एकमेकांना भिडतात. दोन्ही कडा सरळ करण्याचा अट्टहास नको, फोनवर शब्दांमध्ये मोठी भोकं पडतात. सुंदर मराठी फॉन्ट निवडला तरी तो प्रत्येकाच्या मेल अ‍ॅपमध्ये दिसेल याची खात्री नसते, म्हणून साध्या फॉन्टमध्ये मेल कसा दिसतो तेही बघून ठेवा.

व्हॉट्सअ‍ॅपसाठी केलेलं पोस्टर मेलमध्ये चिकटवून पाठवणं ही सगळ्यात मोठी नासाडी. चित्र उघडलं नाही तर मेल कोरा. उघडलं तरी फोनवर अक्षरं मुंगीएवढी. त्यातला मजकूर शोधूनही सापडत नाही, फोन नंबर दाबता येत नाही, दृष्टिहीन माणसाचं वाचक-सॉफ्टवेअर ते वाचू शकत नाही. मजकूर मजकुरातच लिहा. फोटो एक-दोन, आणि प्रत्येकामागे पर्यायी मजकूर (चित्र दिसलं नाही तर वाचायची ओळ) द्या: ‘मोहोरलेलं कलम, जानेवारी’.

आणखी एक. मेलचा एचटीएमएल (मजकूर आणि त्याच्या मांडणीचा कोड) १०२ किलोबाइटच्या पुढे गेला की जीमेल तो मध्येच कापतं आणि उरलेला मजकूर एका दुव्यामागे जातो. देवनागरीचं प्रत्येक अक्षर-चिन्ह साठवायला ३ बाइट लागतात, रोमनला १. म्हणजे तेवढ्याच लांबीचा मराठी मजकूर जास्त जागा खातो. साध्या पत्राला ही भीती नाही. पण तयार टेम्पलेटमध्ये अनेक रकाने, बटणं आणि सजावट घातली तर मर्यादा जवळ येते, आणि नेमका तळाचा ‘यादीतून नाव काढा’ हा भाग कापला जातो.

पाठवण्याआधी मेल स्वतःच्या फोनवर मागवा. एकदा साध्या पडद्यावर, एकदा काळ्या पडद्यावर वाचा. बागेचं चिन्ह काळ्यावर नाहीसं होतं का बघा. प्रत्येक लिंक दाबा. मग घरातल्या ज्येष्ठ माणसाच्या हातात फोन द्या आणि काही न सांगता विचारा, ‘यात काय करायला सांगितलंय?’

पायरी ८: कधी पाठवायचा

‘मंगळवारी सकाळी दहा वाजता’ असल्या सर्वसाधारण नियमांवर मी फार विसंबत नाही. तुमच्या मालाचं स्वतःचं वेळापत्रक असतं. पेट्या गुरुवारी पोहोचणार असतील तर मेल आदल्या शुक्रवारी किंवा शनिवारी जावा, म्हणजे शनिवार-रविवारी घरात चर्चा होते. महिन्याचा पहिला आठवडा पगारदार घरांत खरेदीला बरा. साड्या, दागिने विकणाऱ्यांनी पितृपक्षात विक्रीचा मेल टाळावा, पण ‘घटस्थापनेला काय येतंय’ हे त्या पंधरवड्याच्या शेवटी सांगायला हरकत नाही. परदेशी फराळ पाठवणाऱ्यांनी दिवाळीपासून उलटं मोजावं: पार्सल पोहोचायला लागणारे दिवस, तळणीचे दिवस, ऑर्डर घ्यायचे दिवस. पहिला मेल बहुधा गणपती उठायच्या सुमारासच निघायला हवा.

पायरी ९: काय मोजायचं

सेवेच्या पानावर ‘ओपन रेट’, म्हणजे किती टक्के लोकांनी मेल उघडला तो आकडा, ठळक दिसतो, पण त्यावर फार भिस्त ठेवू नका. सप्टेंबर २०२१मध्ये अ‍ॅपलने आयफोनच्या मेल अ‍ॅपमध्ये गोपनीयतेची सोय आणली. ती चालू असेल तर माणसाने मेल पाहिला नसला तरी त्यातली चित्रं आधीच उतरवून घेतली जातात, आणि मेल ‘उघडला’ असा मोजला जातो. आकडा फुगतो. त्याउलट चित्रं बंद ठेवून मन लावून वाचणारा मोजलाच जात नाही.

मोजा ते हे: किती उत्तरं आली, किती पेट्या गेल्या, किती जण यादीतून गेले, कितींनी स्पॅम म्हटलं. उत्तरांत लोक काय विचारतात ते वहीत उतरवून ठेवा. तिघांनी ‘आंबा कार्बाइडने पिकवता का’ असं विचारलं, तर पुढच्या मेलचा विषय मिळाला.

दोन सब्जेक्टची स्पर्धा लावण्याची सोय बऱ्याच सेवा देतात. यादी सहाशेची असेल तर त्यात पडू नका. तीनशे-तीनशे जणांना पाठवून एकीकडे ९० आणि दुसरीकडे ९९ जणांनी उघडला, तर तो फरक सहज योगायोगाने पडू शकतो. तेवढा वेळ मजकूर सुधारण्यात घालवा.

पायरी १०: यादी साफ ठेवणं

‘यादीतून नाव काढा’ ही ओळ मराठीत, वाचता येईल अशा अक्षरांत द्या. लपवलीत तर माणूस ‘स्पॅम’ दाबतो, आणि त्याची किंमत उरलेल्या सगळ्यांचे मेल मोजतात. जाणाऱ्याला ‘का चाललात’ म्हणून चार प्रश्न विचारू नका. मात्र एक पर्याय देऊन बघा: ‘फक्त पहिल्या काढणीची तारीख कळवा, वर्षातून एकदाच.’ कंटाळलेली काही माणसं यावर थांबतात.

ज्या पत्त्यांवरून मेल न पोहोचता परत आला, ते लगेच काढा. दोन हंगाम ज्यांनी ना उत्तर दिलं, ना लिंक दाबली, ना पेटी घेतली, त्यांना मोहोराच्या मेलच्या आधी, डिसेंबरात, तीन ओळींचा मेल पाठवा: ‘दोन वर्षांत तुमच्याकडून काही कळलं नाही. आंब्याची बातमी अजून हवी असेल तर “हो” असं उत्तर द्या. नाही आलं तर पुढच्या आठवड्यात नाव काढून टाकतो, पुन्हा कधीही नोंदवता येईल.’ आणि आठवडा झाला की खरोखरच काढा, यादी निम्मी झाली तरी.